पनामा कुणाच्या गल्लीत?

पाइपात गाळ एका दिवसात साचत नाही. रोज थोडा थोडा, कुणाला न दिसता बसत जातो. मग नळाची धार करंगळीएवढी झाली की पाइप कापायचा आणि आतून हा एवढा गोळा काढायचा. आमच्या चौकीवरच्या किश्श्यांचं तसंच झालंय. मी मुद्दाम जमवलेले नाहीत, आतल्या आत बसले.

मी चावीवाला होतो. रस्त्यात लोखंडी झाकणाखाली पाण्याचा वॉल्व असतो, तो कमरेएवढ्या लांब चावीनं फिरवायचा. या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं चालू. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये मी वीस-बावीस वर्षं हेच केलं. शाळेत गेलो नाही, पण जगाचं राजकारण मला तोंडपाठ, कारण ते आमच्या चौकीवरूनच चालायचं.

चौकी म्हणजे पत्र्याची शेड. तिथं आम्ही चौघे. दुसरा चावीवाला बाळाराम, सोनिवली गावचा, उरल्यासुरल्या शेतावर एक चक्कर मारून मग सायकलवरून ड्युटीला येणारा. तिसरे गायकवाड, अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर. सेकंड शिफ्टला जायच्या आधी ते आम्हाला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. चौथा लच्छूशेठ, सिंधी. शेजारी त्याचं पँटींच्या बटणांचं आणि चेनचं दुकान होतं. पेपर त्याचा, त्यामुळे जगाबद्दल पहिलं मत द्यायचा मानही त्याचाच.

* * *

एकोणनव्वद साल, मे महिना. गायकवाडांनी वाचलं की पनामा नावाच्या देशात निवडणूक झाली, सरकार हरलं, म्हणून सरकारनं निवडणूकच रद्द केली. लोक रस्त्यावर उतरले तर त्यांच्यावर सळया घेतलेली माणसं सोडली.

लच्छूशेठनं बटणांचा डबा धाडकन बंद केला. "बस. अब अमेरिका को अंदर जाना चाहिए. आठ दिवसात मामला खलास."

"शेठ, दुसऱ्याच्या देशात असं घुसायचं म्हणजे..." गायकवाड म्हणाले.

"घुसायचं कोण बोलला? मदत करायची. फौज से मदत."

बाळारामला बोलायला वेळ लागायचा. त्यानं तंबाखू मळून घेतली, मग विचारलं, "शेठ, तुमी ऱ्हाता ती बराक कुनी बांधली?"

"मिलिटरी ने. अंग्रेज के टाइम."

"ती फौज बी कुनाच्या तरी मदतीलाच आलेली. चार दिसांसाठी म्हनून आमच्या आज्याचं शेत घेतलं. मंग फौज गेली."

"फिर?"

"शेत अजून नाय आलं."

लच्छूशेठनं बटणांचा डबा परत उघडला. मग गायकवाडांना म्हणाला, "साईं, आगे पढो."

* * *

पण लच्छूशेठचं समाधान होईना. तो म्हणाला, आपण नुसतं वाचतो, काही करत नाही. मग ठरलं, दिल्लीला अमेरिकेच्या वकिलातीत कार्ड टाकायचं.

मजकुरावर दोन दिवस मीटिंग चालली. 'विनंती' लिहायचं की 'मागणी', यावर गायकवाड आणि शेठ एकमेकांशी बोलेनासे झाले. बाळाराम म्हणाला, 'खुशालीत आहात ना' असं आधी विचारा, मग कामाचं लिहा. शेवटी गायकवाडांनी लिहिलं की पनामाच्या जनतेला न्याय मिळेल अशी व्यवस्था त्वरित व्हावी, कळावे. खाली चौघांची नावं, माझा अंगठा. आणि उत्तर नेमकं यावं म्हणून चौकीचा पत्ता चांगला ठळक, सुवाच्य अक्षरात.

तिसऱ्याच दिवशी पोस्टमन कार्ड घेऊन आला. लच्छूशेठनं आजूबाजूच्या दुकानदारांना हाका मारून बोलावलं. एवढा मोठा देश, पण बघा, उत्तराला उशीर नाही.

गायकवाडांनी कार्ड उलटंसुलटं केलं. ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता डाव्या कोपऱ्यात बारीक लिहिला होता, आणि आमचा उजवीकडे, टिकिटाखाली. पोस्टानं ते बरोबर पोचवलं होतं.

लच्छूशेठनं पत्त्यांच्या जागा सुधारून दुसरं कार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. "सोच रहे होंगे," तो म्हणायचा.

* * *

आमच्या हद्दीत बराकींमधली एक गल्ली होती, अडतीस घरांची. तिला मिळून दोन नळ, जाळीच्या खोलीत, बाहेरून कुलूप. कुलपाची किल्ली नळ कमिटीच्या अध्यक्षाकडे. कुणाचा नंबर कितवा, हे अध्यक्ष ठरवणार. आठ वर्षं सावंत अध्यक्ष होते. त्यांचा स्वतःचा नंबर पहिला, दोन पुतण्यांचा दुसरा-तिसरा, आणि बाकीच्यांचा, त्यांच्या दारावरून जाताना मान किती वाकवली त्यावर.

त्या दिवाळीनंतर अध्यक्षपदाला त्यांच्यासमोर कौसाबाई उभी राहिली. नवरा गेलेली, लच्छूशेठकडून बटणं नेऊन घरी पँटींना लावून देणारी. रविवारी विहारात वंदनेला गायकवाडांच्या बायकोशेजारी बसायची. तिच्या सासूला गावच्या विहिरीवर काय सोसावं लागलं होतं, ते ती कधी बोलली नाही. पण नळावर कुणाचा नंबर पुढं-मागं केला की तिला ते चालायचं नाही, स्वतःचा नसला तरी.

त्या गल्लीत मतदान चिंचोक्यांवर चालायचं. घरटी एक चिंचोका. दोन हंडे मांडायचे, तोंडाला फडकं, फडक्याला चीर. सावंतांचा हंडा तांब्याचा, कौसाबाईचा ॲल्युमिनियमचा. आता चिंचोका तांब्यात पडला तर वेगळा वाजतो आणि ॲल्युमिनियममध्ये वेगळा. गल्ली अरुंद, सगळे दारात बसलेले. मतदान गुप्त होतं, पण निकाल अडतीस घरांनी कानानं ऐकला.

सावंत उठले. म्हणाले, "आवाज म्हणजे काही मोजणी नव्हे. मोजणी उद्या." आणि दोन्ही हंडे आपल्या घरात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तांब्याच्या हंड्यातून एक्क्याण्णव चिंचोके निघाले.

कुणीतरी विचारलं, घरं अडतीस आणि चिंचोके एवढे कसे? सावंत म्हणाले, "लोकांनी उत्साहानं मतदान केलं."

* * *

कौसाबाई आणि सहा घरच्या बायका रिकामे हंडे घेऊन सावंतांच्या दारात बसल्या. घोषणा नाहीत, काही नाही. नुसत्या बसल्या. दुपारी दोघे पुतणे काठ्या घेऊन आले. हंडे लाथेनं गटारात गेले. कौसाबाईचं उजवं मनगट मोडलं. संध्याकाळी सावंतांनी त्या सातही घरांचे नंबर खोडले. आता त्यांना नळ बंद, शेजारी चोरून देतील तेवढंच पाणी.

दुसऱ्या दिवशी ती गळ्यात हात बांधून आमच्या चौकीवर आली. गायकवाड पेपर वाचत होते. परदेशातलंच काहीतरी चाललं होतं.

ती म्हणाली, "दादा, तुम्ही बाहेरची माणसं. पाणी तुमच्या हातात, शब्दाला वजन आहे. सावंतांना एवढं सांगा, जो जिंकला त्याच्याकडे किल्ली द्या. निदान सात घरांचं पाणी तोडू नका."

चौकीत एकदम सगळ्यांना कामं आठवली. लच्छूशेठ म्हणाला, "बहन, सावंत मेरा पुराना ग्राहक है." मी म्हणालो, वरून ऑर्डर असल्याशिवाय मला काही करता येत नाही. गायकवाडांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली आणि म्हणाले, "ताई, दुःख आहेच. पण हा तुमच्या गल्लीचा अंतर्गत प्रश्न आहे. बाहेरच्यांनी त्यात पडणं बरोबर नाही."

कौसाबाईनं सावकाश आमच्या चौघांकडं पाहिलं. कार्डाची गोष्ट कॅम्प चारात सगळ्यांना माहीत झालेली होती.

"मग गायकवाडभाऊ," ती म्हणाली, "पनामा कुणाच्या गल्लीत आहे?"

* * *

हे वाक्य आम्हाला फार लागलं. म्हणून आम्ही डेलिगेशन पाठवायचं ठरवलं.

डेलिगेशन म्हणजे लच्छूशेठ. तो इस्त्रीचा झब्बा घालून सावंतांकडे गेला आणि दीड तासानं तोंड पुसत परत आला.

"काय म्हणाले?"

"आदमी बहुत अच्छा है. लोगों ने बदनाम किया है."

"आणि किल्ली?"

"शिरा असली घी का था."

एवढं मात्र खरं की सावंत परत मतदान घ्यायला तयार झाले. अट एकच, बाहेरचा माणूस निरीक्षक पाहिजे, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. गायकवाड गेले. त्यांना खुर्ची दिली, टेबल दिलं, पांढऱ्या फडक्यानं झाकलेला पाण्याचा ग्लास दिला. गल्लीच्या तोंडाशी पुतणे काठ्या घेऊन उभे होते. गायकवाड म्हणाले, ते माझ्या हद्दीबाहेर होते, मला फक्त हंड्यांवर लक्ष ठेवायचं होतं.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला रिपोर्ट वाचून दाखवला. अक्षर सुरेख होतं. मतदान शांततेत पार पडलं, असं त्यात लिहिलं होतं.

बाळारामनं विचारलं, "चिंचोके टाकाया आलं किती?"

"तसं कोणी आलं नाही."

"मंग पार काय पडलं?"

गायकवाड त्या दिवशी शिफ्टला अर्धा तास आधी निघाले.

* * *

डिसेंबरात गायकवाडांनी पेपरातून एक शब्द आणला. निर्बंध. एखादं सरकार ऐकत नसेल तर फौज पाठवायची नाही, त्याचं सामान तोडायचं. आपोआप गुडघ्यावर येतं. अमेरिकेनं पनामाचं असंच तोडलंय, ते म्हणाले.

लच्छूशेठनं माझ्याकडं पाहिलं. मग गायकवाडांनी पाहिलं. मग मी कोपऱ्यात टेकवलेल्या माझ्या चावीकडं पाहिलं.

बाळाराम मला म्हणाला, "सखाभाऊ, विचार करून फिरव." पण मला विचार करून कंटाळा आला होता. वरून ऑर्डर नव्हती, आणि त्या वेळी ती मला आठवलीही नाही. मी गेलो, झाकण उचललं आणि सगळ्या गल्लीचा वॉल्व बंद केला. आता बघू सावंत किती दिवस अध्यक्ष राहतात. परत येताना माझी छाती फुगली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी धडा शिकवला होता.

सावंतांच्या ओट्याखाली टाकी होती, हे त्या गल्लीत शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सावंत ओट्यावर खुर्ची टाकून बसले. ज्याला पाणी हवं त्यानं यायचं, 'अध्यक्षसाहेब' म्हणायचं, हंडा भरून न्यायचा. लोक म्हणू लागले, नळाचं पाणी कुणी बंद केलं देव जाणे, पण सावंत होते म्हणून जगलो. चौथ्या दिवसापर्यंत कौसाबाईच्या सातांपैकी चार घरं 'अध्यक्षसाहेब' म्हणून आली होती. त्यांना मी काय बोलू? एका घरी बाळंतीण होती.

उरलेल्या तिघींना पाणी मिळालं ते बाजूच्या गल्लीत. तिथं देवीबाई म्हणून एक म्हातारी सिंधीण होती. तिनं आपल्या नळावर सांगून टाकलं, दर तिसरा हंडा या बायकांचा. गायकवाडांना ते समजल्यावर ते चौकशीला गेले. देवीबाई, तुमचा पाठिंबा नक्की कोणत्या बाजूला?

ती म्हणाली, "भाई, हटो. लाइन रुकती है."

कौसाबाई मला वाटेत भेटली. डाव्या हातानं हंडा धरलेला, उजवा हात गळ्यात. थांबली. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "चावी कुणावर फिरवलीत?"

मी म्हणालो, "सावंतांवर."

तिनं मान हलवली आणि पुढं गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

* * *

त्याच आठवड्यात लच्छूशेठ पेढे घेऊन आला. अमेरिकेची फौज पनामात उतरली होती. "कार्ड पहुंच गया," तो म्हणत होता. "देर से पहुंचा, पर पहुंचा."

गायकवाड वाचत होते. विमानं गेली, तोफा चालल्या. निवडणुकीत जिंकलेल्या माणसांना खुर्ची मिळाली.

"देखा?" लच्छूशेठ म्हणाला. "मैंने क्या बोला था?"

गायकवाड पुढं वाचू लागले आणि त्यांचा आवाज हळू होत गेला. सरकारच्या लष्करी कचेरीला लागून गरिबांची वस्ती होती. लाकडी घरं. ती जळाली. माणसं मेली, किती ते अजून कळत नाही. उरलेली उघड्यावर आली.

बाळारामनं विचारलं, "त्या वस्तीतल्यांनी मत कुनाला दिल्तं?"

गायकवाडांनी खालीवर शोधलं. "ते दिलेलं नाही."

"नंतर कुनी इचारलं?"

"तेही दिलेलं नाही."

लच्छूशेठनं पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढं धरला. मी चावी उचलली आणि बाहेर पडलो.

पण या वेळी सरळ वॉल्वकडं गेलो नाही. आधी कौसाबाईच्या दारात गेलो. म्हटलं, "बाई, चुकलं माझं. पाणी सोडतो. कधी सोडू ते तू सांग."

ती डाव्या हातानं बटण लावायचा प्रयत्न करत होती, आणि ते जमत नव्हतं. तिनं पँट बाजूला ठेवली.

"उद्या सकाळी साडेसहाला सोडा," ती म्हणाली. "आणि दादा, सोडलंत की लांब उभे राहा. चौघेही."

* * *

साडेसहाला मी वॉल्व उघडला आणि आम्ही चौघे गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिलो.

बायका नळाच्या खोलीसमोर बसल्या होत्या. आधी तीनच होत्या. जाळीच्या आत एका नळाचा वायसर गेलेला होता, त्यामुळे पाइपातली हवा निघून गेली आणि पाणी आपोआप पडायला लागलं. बाहेर कुलूप. पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गटारात चाललं होतं. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी.

सावंत ओट्यावर आले. किल्ली बोटात फिरवत म्हणाले, "अध्यक्षांना विनंती करा, उघडतो."

कौसाबाईनं नंबर पुकारायला सुरुवात केली. कागद नव्हता, तोंडानंच. सावंतांच्या आधीच्या काळातले नंबर, जसे पहिल्यांदा लागले होते तसे. एक, जाधव. दोन, मोरे. तीन, ढोले. ज्याचं नाव येईल त्या घरातून थोडा वेळ काहीच हालचाल नसायची. ती थांबायची. घाई करायची नाही. मग दार वाजायचं आणि एखादी बाई हंडा घेऊन येऊन बसायची, 'आहे' म्हणायची. 'अध्यक्षसाहेब' म्हणून आलेल्याही आल्या. बाळंतिणीची सासू आली. पुतणे काठ्या घेऊन बाहेर आले, पण त्यांच्यातल्याच एकाची बायको नंबर ऐकून रांगेत येऊन बसली, तेव्हा दोघंही एकमेकांकडं बघत राहिले.

लच्छूशेठला राहवेना. "मैं जाके बोलूं?" बाळारामनं त्याच्या झब्ब्याची बाही धरून ठेवली. गायकवाडांनी खिशातला पेन काढला होता, तो परत ठेवला.

सदतिसावं नाव झालं. सदतिसावी बाई बसली. नळ तसाच वाहत होता.

सावंत म्हणाले, "बसा. बसा दिवसभर."

तेवढ्यात त्यांच्या मागून त्यांची बायको बाहेर आली. आठ वर्षांत मी वहिनींना नळावर कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडं पाणी पुतणे भरायचे. डोक्यावर पदर, कमरेवर तोच तांब्याचा हंडा. नवऱ्याच्या बोटातून त्यांनी किल्ली काढून घेतली. सावंतांनी हातही आवळला नाही, इतकं ते अचानक झालं. वहिनी पायऱ्या उतरून आल्या आणि किल्ली कौसाबाईसमोर धरली.

कौसाबाईनं डाव्या हातानं कुलूप उघडलं, कडीतून काढलं, आणि किल्लीसकट त्यांच्या हातात परत दिलं.

"हे तुमचं आहे, वहिनी," ती म्हणाली.

"आणि माझा नंबर?"

"अडतीस."

वहिनींनी कुलूप रिकाम्या हंड्यात टाकलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसल्या.